पुस्तक संपेपर्यंत हलायचं नाही: होमब्रू की मॅकपोर्ट्स

नवाकोरा मॅक घ्या, टर्मिनल उघडा आणि बॅशला, म्हणजे तिथे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या 'शेल'ला, त्याची आवृत्ती विचारा. ३.२ असं उत्तर येतं. ही आवृत्ती २००६ सालची. बॅशच्या पुढच्या आवृत्त्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आल्या, ॲपल त्या परवान्यापासून लांब राहिली आणि मॅकवरचा बॅश तिथेच गोठला. २०१९मध्ये मॅकओएसची कॅटलिना आवृत्ती आली तेव्हा नेहमीचा शेल म्हणून झेडशेल बसवला, प्रश्न मिटला. फाइली एका जागेहून दुसरीकडे जुळवून नेणाऱ्या आरसिंकचंही तसंच. कितीतरी वर्षं मॅकबरोबर २.६.९ हीच आवृत्ती यायची, तीही २००६चीच.

ज्यांचं काम सफारी आणि वर्डमध्ये भागतं त्यांना याच्याशी काही देणंघेणं नाही. मला आहे. मी नाशिकला घरी बसून जुन्या मराठी पुस्तकांची ई-पुस्तकं करते. उमेदवारी पेजमेकर आणि श्री-लिपीवर झाली, आता सगळं काम युनिकोडमध्ये आणि निम्मं टर्मिनलमध्ये. स्कॅन आलं की पानं सरळ करायची, टेसरॅक्टमधून मजकूर काढायचा, चुका झाडायच्या, पॅनडॉकने ई-पब बांधायचं, तपासायचं, पाठवायचं. यातलं जवळजवळ एकही साधन मॅकबरोबर येत नाही. ती आणायची, एकमेकांशी जुळवून बसवायची, वेळेवर अद्ययावत करायची, यासाठी पॅकेज मॅनेजर लागतो. मॅकवर त्यासाठी ठळक नावं दोन: होमब्रू आणि मॅकपोर्ट्स. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचं मत एका वाक्याचं असतं: "मावशी, ब्रू टाक आणि मोकळी हो." जगातले बहुतेक मॅकवाले प्रोग्रॅमर हेच सांगतील. मी मॅकपोर्ट्स वापरते. का, ते सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखं काम करणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं आहे.

पण आधी आरसिंकचा किस्सा, कारण पॅकेज मॅनेजरशिवाय मराठी माणसाचं कुठे अडतं ते त्यात नेमकं दिसतं. माझ्याकडे जुन्या बाहेरच्या डिस्क आहेत, एचएफएस प्लस पद्धतीच्या. त्या पद्धतीत फाइलचं नाव साठवताना मॅक जोडलेली अक्षरं फोडून ठेवतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, पण त्याची फोड 'र आणि खाली नुक्ता' अशीही होते. म्हणजे 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' नावाची फाइल लिनक्सवरून आली की माझ्या डिस्कवर त्यातल्या ऱ चे दोन तुकडे होतात. डोळ्यांना काही कळत नाही, पडद्यावर नाव तेच. ती परत लिनक्सवर पाठवली की तिथला संगणक म्हणतो, ही नवीनच फाइल, आणि एका प्रस्तावनेच्या दोन होतात. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याची', 'म्हाताऱ्याचं' अशा सगळ्या नावांना हे होतं. 'पहिली आवृत्ती'ला होत नाही, म्हणून तर हे पटकन लक्षात येत नाही. आरसिंकच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८पासून, नावांचं संकेतन, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, वाटेत बदलून घेण्याचा पर्याय आहे. मॅकच्या बाजूला 'यूटीएफ-८-मॅक', पलीकडे साधं 'यूटीएफ-८' असं सांगितलं की ऱ सुखरूप पोचतो. २.६.९ला हा पर्यायच ठाऊक नाही. नवीन एपीएफएस डिस्क नाव जसं दिलं तसं ठेवते, पण म्हणून जुन्या डिस्क कुणी फेकून देत नाही.

हा नवा आरसिंक होमब्रूही देतो आणि मॅकपोर्ट्सही. तेवढ्यासाठी कुठलाही चालेल. फरक पुढे पडतो.

थोडा इतिहास. या धंद्यात पहिला होता फिंक, २०००च्या अखेरीस सुरू झालेला. डेबियन लिनक्सची पॅकेजेस सांभाळणारी डीपीकेजी-ॲप्ट ही जोडगोळी त्याने मॅकवर आणली. सगळं सामान तो '/एसडब्ल्यू' या मुळातल्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. कॅटलिनाने सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता केला, तेव्हा त्याला ते घर सोडावं लागलं. मॅकपोर्ट्स २००२चा, मूळ नाव डार्विनपोर्ट्स. सुरुवात करणाऱ्यांत ॲपलमधलीच माणसं होती, त्यांत फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमच्या संस्थापकांपैकी जॉर्डन हबर्ड. फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स'ची कल्पनाच त्यांनी इकडे आणली. होमब्रू मॅक्स हॉवेलने २००९मध्ये रुबीत लिहिला. तेव्हा त्याचा मुद्दा बिनतोड होता: मॅकमध्ये पर्ल आहे, पायथन आहे, लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते कोडचे भाग) आहेत, मग मॅकपोर्ट्स हे सगळं स्वतःचं पुन्हा कशाला बांधत बसतो? त्या काळी मॅकपोर्ट्सवर काही मागितलं की सोर्सपासून कंपाइल व्हायचं, म्हणजे मूळ कोडपासून आपल्याच यंत्रावर बांधलं जायचं, पंखा घोंघावायचा आणि रात्र जायची.

ती तक्रार आता शिळी झाली आहे. २०११पासून, म्हणजे मॅकपोर्ट्स २.० पासून, बहुतेक पोर्ट्स, म्हणजे त्याच्याकडची पॅकेजेस, तयार बांधून उतरतात. उलट मॅकमध्ये जे 'आहेच' ते ॲपल काढून टाकत गेली. मॅकओएस १२, म्हणजे मॉन्टेरे, यातून पीएचपी गेलं, १२.३ला पायथन २ गेला. सिस्टिमवर विसंबायचं नाही हा मॅकपोर्ट्सचा जुना हट्ट त्यामुळे अचानक शहाणपणाचा वाटायला लागला, आणि होमब्रूही आता पुष्कळसं स्वतःचंच बांधून देतो. तरी 'मॅकपोर्ट्स म्हणजे तासन्‌तास कंपाइल' हे वाक्य भाच्याच्या वयाची मुलं अजून म्हणतात, आणि ती त्या काळी शाळेत होती.

आता माझं खरं कारण.

टेसरॅक्ट छापील पानावरून मजकूर ओळखतो, पण चुका करतो. गंमत अशी की एकाच पुस्तकात त्या चुका ठरावीक असतात. एकदा टाइप, शाई आणि स्कॅन ठरलं की 'घ'चा 'ध' कुठे होणार, 'भ'चा 'म' कुठे, 'प्र' कुठे फुटणार, हे दहापंधरा पानांत कळतं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असली तर 'कांहीं', 'नाहीं', 'आंत' यांवरचे अनुस्वार तो कधी धरतो, कधी धूळ समजून सोडतो. सावरकरी बाराखडीतलं 'अिकडे' आणि 'अुद्या' आलं की विचारूच नका. मग मी त्या पुस्तकापुरती दुरुस्त्यांची यादी करते, जीसेड नावाच्या साधनाला देते आणि ते सगळ्या प्रकरणांवरून फिरवते. (मॅकचा स्वतःचा सेड बीएसडी घराण्यातला. जागच्या जागी फाइल बदलायची त्याची रीत जीएनयूच्या सेडपेक्षा वेगळी, म्हणून जीसेड. दोन्ही पॅकेज मॅनेजरांकडे तो आहे.)

यादी दीडदोनशे ओळींची होते आणि ती टेसरॅक्टच्या त्या आवृत्तीच्या चुकांवर बेतलेली असते. नवव्या प्रकरणावर असताना टेसरॅक्ट बदलला, किंवा त्याच्या खालची चित्रं हाताळणारी लेप्टोनिका बदलली, की चुकांचा पॅटर्न बदलू शकतो. नवीन आवृत्ती चांगली असेलही. पण माझी यादी तिच्यासाठी नाही. स्वयंपाक अर्धा झालेला असताना कुणी येऊन तिखटाचा डबा बदलून ठेवावा, तसं ते होतं. नवं तिखट झणझणीत आहे हे मान्य, पण भाजीत किती घालायचं?

म्हणून माझा पॅकेज मॅनेजरकडून एकच हट्ट: पुस्तक संपेपर्यंत हलायचं नाही, आणि हललंच तर मला मागे जाता आलं पाहिजे.

होमब्रूची घडण याच्या उलट आहे. तो सतत ताजा राहणारा, आणि तो ते लपवत नाही. 'ब्रू इन्स्टॉल' म्हटलं की आधी तो स्वतःची माहिती ताजी करतो, आणि नवं सामान बसवताना त्याला लागणाऱ्या जुन्या गोष्टीही वर सरकवतो. त्या गोष्टींवर विसंबलेली आधीची साधनं मग तीही सरकतात. वर सरकलेल्याची जुनी प्रत आपणहून झाडून टाकतो. वेब प्रोग्रॅमरला हेच हवं असतं, आजचं आज. यावर उपाय नाहीत असं नाही. आपोआप ताजं होणं आणि जुनं झाडणं बंद करणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत, 'ब्रू पिन' म्हणून एखादी गोष्ट खिळवता येते. पण खिळवलेला टेसरॅक्ट जागेवर राहिला आणि खालची लायब्ररी हलली, तर त्या खिळ्याचा उपयोग किती? शिवाय मागे जायचा सरळ रस्ता नाही. काही ठरावीक गोष्टींच्या, म्हणजे पायथन, पोस्टग्रेस वगैरेंच्या, जुन्या आवृत्त्या वेगळ्या नावाने मिळतात. टेसरॅक्टसारख्याची गेल्या महिन्यातली प्रत हवी असेल तर गिटमध्ये साठलेल्या बदलांच्या इतिहासात शिरून जुना फॉर्म्युला, म्हणजे बांधणीची कृती, उकरायचा. भाच्याला ते जमतं. मला प्रुफं तपासायची असतात.

मॅकपोर्ट्समध्ये 'पोर्ट सेल्फअपडेट' हे फक्त मॅकपोर्ट्स स्वतः आणि त्याची माहिती ताजी करतं. 'पोर्ट अपग्रेड' म्हटलं नाही आणि त्याच्याशी जोडलेलं नवं काही बसवलं नाही, तोवर आधीच बसवलेल्या टेसरॅक्टला हात लागत नाही. आणि अपग्रेड केलं तरी जुनी प्रत डिस्कवर 'निष्क्रिय' म्हणून पडून राहते. 'पोर्ट ॲक्टिव्हेट' म्हणून, पुढे नाव आणि जुनी आवृत्ती लिहिली, की काही सेकंदांत ती परत कामाला. अपग्रेडनंतर तो सगळ्या बसवलेल्या प्रोग्रॅमची तपासणीही करतो. एखाद्याची खालची लायब्ररी निसटली असेल तर तेवढा प्रोग्रॅम पुन्हा बांधतो. मी एक पुस्तक प्रकाशकाला दिलं, पैसे आले, की मग एका संध्याकाळी सगळं अपग्रेड करते आणि आधीच्या पुस्तकातली पाचसहा पानं नव्या साधनांवर चालवून बघते. पटलं तर पुढचं पुस्तक त्यावर, नाही तर मागे.

भाषांचंही बघा. होमब्रूचा टेसरॅक्ट इंग्रजी घेऊन येतो. मराठी हवी असेल तर 'टेसरॅक्ट-लँग' नावाचं दुसरं गाठोडं, त्यात शंभराहून जास्त भाषा एकदम. अम्हारिक, जॉर्जियन, खमेर, सगळ्या माझ्या डिस्कवर. मॅकपोर्ट्समध्ये प्रत्येक भाषेचा पोर्ट वेगळा. मी 'टेसरॅक्ट-मार' आणि 'टेसरॅक्ट-इंग' घेतले, नंतर एका जुन्या पंचांगासाठी संस्कृत. फार मोठी गोष्ट नाही, पण दोघांचा स्वभाव यातून कळतो: एक म्हणतो सगळंच घे, दुसरा विचारतो नेमकं काय हवं. होमब्रूने २०१९मध्ये मुख्य फॉर्म्युल्यांतले बांधणीचे पर्यायही काढून टाकले, म्हणजे एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन हवं तर त्यांनी ठरवलेलं घ्या. मॅकपोर्ट्सचे 'व्हेरियंट' अजून आहेत, अधिक किंवा वजा चिन्ह लावून हवं ते आत, नको ते बाहेर. होमब्रूची बाजूही समजते: पर्यायांच्या इतक्या जोड्या कोण तपासणार? तपासलेलं एकच देऊ, पण ते चालेल असं देऊ. स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पाने तसं ठरवलं तर त्यात गैर काही नाही.

दुसरं कारण माझ्या जुन्या मॅकबुकचं. २०१५च्या सुरुवातीचा तेरा इंची मॅकबुक प्रो. ॲपल त्याला मॉन्टेरेच्या पुढे जाऊ देत नाही. यंत्र ठणठणीत आहे, स्कॅनरला तेच जोडलेलं असतं. होमब्रू मॅकओएसच्या ताज्या तीनच आवृत्त्या नीट सांभाळतो. त्याआधीच्यांवर चालतो, पण 'जबाबदारी तुमची' असं बजावून, आणि तयार बांधलेलं मिळेनासं झालं की सगळं सोर्सपासून. आठ जीबी मेमरीच्या त्या यंत्रावर एखाद्या साधनाला रस्ट किंवा एलएलव्हीएमसारखा अवजड कंपायलर लागला तर दिवस गेला म्हणून समजा. मॅकपोर्ट्स मॉन्टेरेसाठी अजून तयार पॅकेजेस बांधतो, त्याहून जुन्या मॅकओएसचेही इन्स्टॉलर ठेवतो. टाहो या आवृत्तीनंतर इंटेल मॅकसाठी नवीन मॅकओएस नाही हे ॲपलने २०२५मध्ये जाहीर केलंच आहे. म्हणजे इंटेल मॅकवाल्या सगळ्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणार. ज्यांना नवं यंत्र घेणं इतक्यात परवडत नाही, त्यांनी निदान जुन्या यंत्रापुरतं मॅकपोर्ट्सकडे बघावं, असं मी ठामपणे सांगेन.

तिसरं कारण घरगुती. मॅक मिनीवर दोन लॉगिन आहेत, माझं आणि नवऱ्याचं. तो क्लासच्या प्रश्नपत्रिका झीटेकमध्ये बसवतो. होमब्रूचं सगळं सामान ज्याने बसवलं त्या लॉगिनच्या मालकीचं असतं, आणि सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवायला गेलं तर तो साफ नकार देतो. एका यंत्रावर एक माणूस, हे गृहीत धरूनच तो बेतला आहे. दुसऱ्या लॉगिनवरून अपग्रेड केलं की परवानग्यांचा घोळ सुरू. मॅकपोर्ट्स जुन्या युनिक्सच्या वळणाचा: बसवताना ॲडमिनचा पासवर्ड मागतो, बांधणीचं काम 'मॅकपोर्ट्स' नावाच्या वेगळ्या, कमी अधिकाराच्या युजरखाली करतो, आणि तयार झालेलं सामान सगळ्यांना सारखंच वापरता येतं, बिघडवता मात्र येत नाही. नवऱ्याच्या बाबतीत हे शेवटचं महत्त्वाचं.

आता होमब्रू कुठे पुढे आहे तेही लिहायला हवं, नाहीतर भाचा हे वाचून फोन करेल. कास्क. टर्मिनलमधली साधनं नव्हेत, तर खिडकीतली नेहमीची ॲप्स: लिबरऑफिस, कॅलिबर, व्हीएलसी. यांत होमब्रूला तोड नाही. एका ओळीत उतरतात, एका ओळीत जातात. मॅकपोर्ट्सचा तो मुख्य उद्योगच नाही. आणि फॉन्ट! गूगल फॉन्ट्सवरचा जवळजवळ सगळा माल कास्कमध्ये आहे. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी, आणि माझा सध्याचा लाडका टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाहीत. नव्या यंत्रावर फॉन्टची फौज एका फटक्यात उभी राहते. मॅकओएसची नवी आवृत्ती शरद ऋतूत आली की होमब्रू लवकर सावरतो. आणि अडलं तर नेटवर उत्तरं होमब्रूचीच सापडतात. कुठल्याही साधनाचं पान उघडा, मॅकसाठीची पहिली ओळ 'ब्रू इन्स्टॉल' अशीच असते. मॅकपोर्ट्सवाल्याला ती ओळ वाचून मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं. नावंही तीच असतील याची खात्री नाही.

मॅकपोर्ट्सचा जाच वेगळा. डिस्क खातो, कारण जुनं सांभाळून ठेवतो. अधूनमधून 'पोर्ट रिक्लेम' करून झाडावं लागतं. परवान्यांच्या बाबतीत सोवळा आहे: दोन घटकांचे परवाने एकत्र वाटायला आडवे येत असतील तर तयार पॅकेज देत नाही, तुमच्याच यंत्रावर बांधायला लावतो. आणि मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की सगळे पोर्ट्स नव्याने बसवावे लागतात. पूर्वी ही यादी हाताने काढून, सगळं उडवून, परत चढवायची असायची. २०२४च्या २.१० आवृत्तीपासून 'पोर्ट मायग्रेट' हे एकाच आज्ञेत करतो. तरी मोठी आवृत्ती मी डिसेंबरपर्यंत लांबवतेच. दिवाळी अंकांची कामं डोक्यावर असताना ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचं धाडस माझ्यात नाही.

मग दोन्ही एकाच यंत्रावर ठेवले तर? इंटेल मॅकवर मुळीच नको. तिथे होमब्रू '/यूएसआर/लोकल'मध्ये बसतो आणि कंपायलर ती जागा न सांगताही धुंडाळतो. मॅकपोर्ट्स काही बांधायला बसला आणि त्याने शेजारच्याची लायब्ररी उचलली, की जे बिघडतं ते शोधायला देवही येत नाही. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर होमब्रूची जागा '/ऑप्ट/होमब्रू', मॅकपोर्ट्सची '/ऑप्ट/लोकल', आणि या दोन्ही जागा कंपायलर आपणहून बघत नाही. तिथे जरा सोसतं. माझ्या मिनीवर म्हणूनच दोन्ही आहेत, पण वाटणी पक्की: होमब्रूकडे फक्त कास्क, म्हणजे ॲप्स आणि फॉन्ट. टर्मिनलमधलं सगळं मॅकपोर्ट्सकडे. झेडशेल जिथे आज्ञा शोधतो त्या पाथमध्ये होमब्रू घातलेलाच नाही. ब्रू हवा असेल तेव्हा पूर्ण पत्ता लिहायचा, म्हणजे हात आपोआप आखडता राहतो.

निक्स या आणखी एका पॅकेज मॅनेजरबद्दल विचाराल तर, हो, 'हलायचं नाही' या हट्टाला खरं उत्तर तेच आहे. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या सगळ्या अवलंबनांसकट वेगळ्या कप्प्यात, पुस्तकागणिक वेगळा संच, कधीही जसाच्या तसा उभा करता येणारा. मॅकवर त्याच्यासाठी वेगळा व्हॉल्यूम करावा लागतो. पण त्याची स्वतःची भाषा शिकावी लागते, आणि ती वाचून मला आपल्या पहिल्या प्रुफाची आठवण येते: सगळीकडे खुणा, अर्थ एकाचाही लागत नाही. भाचा ते शिकतोय. शिकला की बघू.

तोवर माझी एक सवय सांगते, ती दोन्ही पंथांना चालेल. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये 'साधने' नावाची मजकूर फाइल असते. काम सुरू करतानाच 'पोर्ट इन्स्टॉल्ड रिक्वेस्टेड'चं उत्तर, म्हणजे मी मागून घेतलेल्या साधनांची आवृत्तीसकट यादी, त्यात ओतून ठेवते. होमब्रूवाल्यांनी 'ब्रू लिस्ट'ला आवृत्त्याही विचाराव्यात. प्रकाशक पुढेमागे सुधारित आवृत्तीसाठी परत येतो, तेव्हा दुरुस्त्यांची यादी कशावर बेतली होती हे त्या फाइलवरून कळतं. फाइलच्या नावात ऱ नाही, एवढी काळजी घेतली आहे.